आईच्या नावाने पाण्याचा हौद: बांधावरच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेहून आल्यावर घरात बसून ठरलं. आईच्या पहिल्या स्मृतिदिनापर्यंत, म्हणजे २६ एप्रिलपर्यंत, रस्त्याकडेच्या बांधाला जनावरांसाठी पक्का हौद बांधायचा. गाव नेवासे तालुक्यातलं, वडाळ्याहून जवळ. एप्रिल-मे महिन्यांत इथे माणसालाही पाणी मोजून वापरावं लागतं.

मामांनी कबरीवर संगमरवर बसवायला पैसे आणले होते. दादांनी (आमचे वडील) ते परत केले. म्हणाले, "कबर साधी राहू द्या. तिच्या नावानं काही करायचंच तर जनावराच्या तोंडाला लागंल असं करा." मामा नाराज झाले. बहिणीची कबर उन्हात उघडी राहावी हे त्यांना बघवत नव्हतं, आणि त्यांचंही खरं होतं. शेवटी मामींनी पवित्र शास्त्र उघडून उत्पत्तीचा २४ वा अध्याय वाचला आणि वाद तिथेच मिटला.

ही गोष्ट आई शब्बाथ शाळेत (चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) दरवर्षी सांगायची. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन विहिरीपाशी येतो आणि रिबकेकडे प्यायला घोटभर पाणी मागतो. ती त्याला पाणी देते आणि म्हणते, तुमच्या उंटांचं पिणं होईपर्यंत त्यांच्यासाठीही काढते. आई इथे थांबून मुलांकडून हिशोब करून घ्यायची. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरपर्यंत पाणी पितो. असे दहा उंट. घागर बारा लिटरची धरली तर किती खेपा? मुलं ऐंशीच्या पुढे गेली की ती म्हणायची, "आणि उंटांचं नाव त्या माणसानं काढलंसुद्धा नव्हतं."

आज बांधावर काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे कुठून सुरुवात झाली ते कळेल. निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून आईने दोन दगडांत बसवला होता. उन्हाने तो दोन्ही टोकांना तडकला आहे. सकाळी भरलेलं पाणी दुपारी अर्ध्यावर येतं.

२५ जानेवारी, शनिवार

जागा पाहिली. विहिरीजवळ बांधला तर पाइप वाचतो, पण तिथे फक्त आमचीच जनावरं येतील. रस्त्याने जाणारी मेंढरं आणि घोडेगावच्या बाजाराला चालत निघालेली जनावरं आत वळत नाहीत. म्हणून लिंबाखालची जागा धरली. विहिरीपासून १४० फूट. रस्त्याच्या हद्दीत जायला नको म्हणून आमच्या गटात दहा फूट आत.

खड्डा घेऊन पाहिला. अडीच फूट काळी माती, मग मुरूम. ज्यांना असं काही बांधायचं आहे त्यांनी हे आधी बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. शेजारच्या वस्तीवरची टाकी अशीच दोन पावसाळ्यांत मधोमध चिरली. मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि खड्डा दगडाने भरून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

दुसरी अडचण लाईटची. शेतीची लाईट आठवडा पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. मोटरवरून थेट हौद भरायचा म्हटलं तर ज्या आठवड्यात लाईट रात्री, त्या आठवड्यात दुपारी हौद कोरडा. घरामागची हजार लिटरची जुनी काळी टाकी दगडी ओट्यावर चढवायची, मोटर टाकी भरेल, टाकीतून बॉलकॉकने (हौद भरला की तरंगत्या फुग्याने आपोआप बंद होणाऱ्या नळाने) हौद भरत राहील.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज फक्त मापं. दिवसभर टेप घेऊन जनावरांमागे हिंडले.

सोनी (गाय) पाणी पिताना मान खाली घालते, पण फार वाकायला तिला आवडत नाही. काठ सव्वादोन फुटांवर असला की ती आरामात पिते. शेळ्यांना एवढा काठ चालत नाही, त्या पुढचे पाय वर टाकतात, पाण्यात लेंड्या पडतात, की गाय तोंड लावत नाही. शेळ्या-मेंढ्यांना काठ एक फुटाच्या आसपास हवा. कोंबड्या, कुत्री, चिमण्या यांना त्याहूनही खाली, आणि उथळ.

पाणी किती लागतं त्याचा साधारण हिशोब: मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ६० लिटर, दुभत्याला उन्हाळ्यात त्याहून जास्त. शेळी-मेंढीला ४ ते ६ लिटर.

त्यावरून आराखडा असा काढला. तीन पायऱ्या. वरचा हौद आतून ८ फूट × २ फूट, खोली दीड फूट, साधारण ६८० लिटर. त्यातून वाहून आलेलं पाणी मधल्या हौदात: १० फूट × सव्वा फूट, खोली पाऊण फूट, साधारण २६५ लिटर. त्यातलं उरलेलं खाली दगडी परातीएवढ्या उथळ खळग्यात, आणि तिथून लिंबाच्या बुंध्याशी. एकच नळ, एकच बॉलकॉक, बाकी सगळं उताराने.

धाकट्या भावाने कागद पाहिला आणि म्हणाला, "ताई, आई हेच करायची. गाईचं उरलेलं शेरडांना, शेरडांचं कोंबड्यांना, आणि शेवटचं मोगऱ्याला." मला आराखडा काढताना ते सुचलं नव्हतं. हाताला तिची सवय लागली असावी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज काम काही झालं नाही, बोलणं झालं. तेही लिहायला हवं, कारण त्यातून आराखडा बदलला.

भावाचं म्हणणं होतं की भोवती जाळी लावू, छोटं फाटक ठेवू. मोटरचं बिल आपण भरणार, टाकी आपली, उद्या कोणी पिकाला पाइप लावून पाणी ओढलं तर? प्रश्न बरोबर होता. दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आजीचं सांगितलं, आईच्या आईचं.

आजी लहान असताना गावच्या आडावर त्यांच्या वाड्यातल्या बायकांना पोहरा टाकता येत नसे. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. कोणाला दया आली तर ते वरून ओततील. त्याच आडाच्या कुंडीवर गावची जनावरं मात्र पोटभर पाणी पीत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो प्रश्न उभा केला तोच इथे गावोगाव होता, आणि आमच्या घराने मिशनच्या विहिरीचं पाणी आधी घेतलं, बाप्तिस्मा नंतर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला १८३१ मध्ये आले. आमच्या घरात तो विश्वास आजीच्या वडिलांपासून आहे.

आईने हे आम्हाला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिने त्याचा नियम केला. आमच्या रांजणावर झाकण असे, कुलूप नसे. दारातून जाणारा कोणत्याही वाड्यातला, आळीतला असो, त्याला आधी तांब्या मिळायचा, नंतर विचारपूस. तिचा देव ज्या गव्हाणीत जन्मला तिथे सगळ्यांत आधी जनावरं होती, असं ती म्हणायची, आणि नाताळच्या रात्री चर्चला निघण्याआधी गूळ-पेंडीचा पहिला घास गोठ्यात जायचा. आम्हाला करंज्या नंतर.

ठरलं ते असं: जाळी नाही, फाटक नाही. टाकीच्या ओट्याला माणसांसाठी वेगळा नळ काढायचा, तांब्या साखळीला न बांधता ठेवायचा. पाणी ओढण्याची भीती होती त्यावर उपाय भावानेच काढला. टाकीपासून हौदापर्यंत पाऊण इंची पाइप टाकायचा. जनावरांना पुरेल, पिकाला पुरणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खोदाई. आम्ही दोघं आणि शेजारचे दोघे. मुरमापर्यंत गेलो. बांधावरचे दगड गोळा करून सोलिंग भरलं, त्यामुळे दगडाचा खर्च शून्य. फटींत मुरूम टाकून, पाणी मारून धुमसून घेतलं.

पाइपची चारी दीड फूट खोल ठेवली. नांगराचा फाळ लागणार नाही इतकी.

४ मार्च, मंगळवार

शनिवारी कोबा झाला (सिमेंट, वाळू, खडी १:४:८, चार इंच जाड). आज तळाच्या स्लॅबची जाळी बांधून काँक्रीट ओतलं.

गवंडीचाचांचे रोजे सुरू झालेत. सकाळी उजाडताच येतात, अकराला थांबतात. रविवार आमच्याकडे बंद, आईने शेतात रविवारी कधी काम लावलं नाही, मीही लावणार नाही. म्हणजे आठवड्यात सहा अर्धे दिवस. मी एप्रिलच्या आत संपेल असा अंदाज धरला होता, तो आता विसरायचा. मार्चमध्ये काम काढणाऱ्यांनी हे धरून चाला: रमजान, होळी, पाडवा, ईद, सगळं एकाच महिन्यात आलं आहे.

चाचा घोटभर पाणी न पिता पाण्याचा हौद बांधतायत. मी विचारलं, "चाचा, महिनाभर थांबू का?" ते म्हणाले, "बेटा, तुझ्या आईनं माझ्या बकरीची रात्रभर उशाशी बसून सोडवणूक केली होती. पिल्लू आडवं आलं होतं. हे काम मी रोज्यात केलेलंच बरं." ही गोष्ट आम्हा घरच्यांना कोणालाच माहीत नव्हती.

१२ मार्च, बुधवार

वीटकाम पूर्ण. वरच्या हौदाला नऊ इंची भिंत. साडेचार इंचीत विटा निम्म्या लागतात, पण म्हैस अंग घासते, तिच्या वजनापुढे ती भिंत टिकत नाही. काठ आतून-बाहेरून गोल केला. धारदार काठाने जनावराचा गळा सोलतो.

तळाला एका बाजूला दोन इंच उतार, आणि त्या टोकाला दोन इंची पीव्हीसीचा तुकडा, गाळ काढायला. वरून झाकण फिरवायचं.

उद्या आतून गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड, वर निव्वळ सिमेंटची घोटाई. मग गोणपाट टाकून दोन आठवडे ओलं ठेवायचं. ते दादांनी अंगावर घेतलं आहे. मी पुण्याला जाते, पण रोज संध्याकाळी फोनवर "गोणपाट ओलं आहे का" हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

हौद भरला. संध्याकाळी काठाशी पेन्सिलची रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. बाष्पीभवन एवढं होत नाही. गळतंय.

बाहेरून हात फिरवून ओल शोधली. दोन जागा सापडल्या.

पहिली: गाळ काढायच्या पाइपभोवती. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. आतून पाहिलं तर पाइपभोवती केसाएवढी फट गोल फिरली होती.

दुसरी: तळ आणि भिंत मिळतात त्या सांध्यात, दक्षिणेच्या बाजूला. तिकडे दुपारचं ऊन थेट येतं. गोणपाट तिथे आधी वाळत होतं. दादा पाणी मारत होते, पण मार्चच्या उन्हात दुपारी एक ते चार एवढ्या वेळात ते कोरडं ठाक व्हायचं.

चाचांनी दुरुस्ती अशी सांगितली, आणि ती पुढे टिकली, म्हणून सविस्तर लिहिते. पाइप काढून टाकला. नव्या पाइपला बाहेरून पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट फासलं आणि ते ओलं असतानाच जाड वाळूत लोळवलं. वाळलं की पाइपचं अंग खरखरीत होतं, सिमेंट त्याला घट्ट धरतं. मग तो बसवून भोवती सिमेंटची जाड कॉलर. सांध्याला छिन्नीने इंचभर खोल खाच घेतली, खाच धुतली, पातळ सिमेंटचं पाणी फासलं, वॉटरप्रूफिंग घातलेल्या मालाने भरली, आणि चारही कोपऱ्यांना आतून गोलाई दिली. गोलाईचा आणखी एक फायदा, शेवाळ काढताना झाडू कोपऱ्यात अडत नाही.

या वेळी गोणपाटावर उसाचं पाचट टाकलं. ओल दुपारभर टिकली.

या दुरुस्तीला १,३५० रुपये गेले. आणि पाडवा, ईद मध्ये आल्याने दहा दिवस.

९ एप्रिल, बुधवार

पुन्हा भरला. चोवीस तासांनी पाणी रेघेला. चाचांना फोन केला, ते म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह." दादा म्हणाले, "देवाची स्तुती असो." मी दोघांच्या मध्ये फोन धरून उभी होते.

११ एप्रिल, शुक्रवार

सोनी आली, वास घेतला, फुसकारली आणि पाठ फिरवली. शेळ्यांपैकी रूथने जीभ लावली आणि डोकं झटकलं. (शेळ्यांची नावं आईने ठेवलेली: रूथ, नामी, लेआ, राहेल. राहेल कळपात सगळ्यांत देखणी, म्हणून.)

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, पाणी तुरट होतं. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. हौद भरायचा, दोन दिवस ठेवायचा, रिकामा करायचा, नारळाच्या काथ्याने घासायचा, परत भरायचा. तुरटपणा जाईपर्यंत हेच. ते पाणी झाडाला सोडू नका, रस्त्याच्या चरीत जाऊ द्या. पाण्याची टंचाई असताना हे बघवत नाही. त्यामुळे बांधकाम हिवाळ्यात करा, पाणी असताना. आमच्या वेळापत्रकातली ही सगळ्यांत मोठी उणीव.

१६ एप्रिल, बुधवार

दगड आला, आणि परत गेला.

नगरहून काळा दगड कोरून घेतला. वर छोटा क्रूस, खाली आईचं नाव, खाली "उत्पत्ती २४:१९", आणि शेवटची ओळ: "माणसांनी, जनावरांनी, पाखरांनी प्यावं." कोरणाऱ्याने "उत्पती" कोरलं. एक त खाल्ला. मी लिहून दिलेल्या चिठ्ठीत बरोबर होतं. तो म्हणाला, "कोण बघतंय मॅडम?" आई चौथी शिकलेली होती, पण शब्बाथ शाळेच्या मुलांच्या वचनात एक वेलांटी चुकली तर ती पाटी पुसायला लावायची. मी दगड घेतला नाही. पृष्ठभाग घासून पुन्हा कोरायचं ठरलं, दगड पाऊण इंचाने पातळ होईल. पैसे वेगळे घेतले नाहीत, वेळ गेला.

कोणाला कोरून घ्यायचं असेल तर मजकूर खऱ्या मापात छापून न्या, तो कागद दगडावर चिकटवायला लावा आणि कोरण्याआधी स्वतः जाऊन अक्षर अक्षर वाचा.

नावाची आणि जन्मतारखेची खात्री करायला आईचं पवित्र शास्त्र काढलं. मागच्या कोऱ्या पानांवर तिने दोन रकाने आखलेले. एकात आमचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं. दुसऱ्यात गोठ्यातली बाळंतपणं. शाई एक, अक्षर एक. भावाच्या बाप्तिस्म्याच्या समोर, त्याच आठवड्यात: "लेआला दोन करडं. एक अशक्त. चुलीजवळ ठेवलं. प्रार्थना केली." त्याखाली दोन दिवसांनी, वेगळ्या पेनाने: "उभं राहिलं. देवाची स्तुती." ही लेआ म्हणजे आताच्या लेआची पणजी-खापरपणजी कोणीतरी. नावं तिने घराण्यात चालू ठेवली होती.

२०१३ च्या पानावर एकच ओळ आहे: "छावणीत." त्या दुष्काळात घोडेगावच्या बाजारात लोक मिळेल त्या भावाने जनावरं देऊन मोकळे होत होते. आईने सोनीची आई विकली नाही. छावणीत दावण मिळाली तिथे तिने महिने काढले, शेजारच्या दावणीच्या बायकांबरोबर संध्याकाळी कंदिलाशी बसून प्रार्थना करायची. त्यातल्या दोघीजणी तिच्या मातीला आल्या होत्या. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो.

२६ एप्रिल, शनिवार

इस्टरच्या पहाटे कबरीवर फुलं वाहून आलो होतो, आज स्मरणप्रार्थना बांधावरच घेतली. चर्चची मंडळी, आळीतली माणसं, चाचांचं सगळं घर. पाळकसाहेबांनी लहानच प्रार्थना केली, उन्हामुळे. पुन्हा कोरलेला दगड कालच संध्याकाळी बसवला, त्याचं सिमेंट ओलं होतं, म्हणून हार घातला नाही.

सोनीने अजून तोंड लावलेलं नव्हतं. तुरटपणा गेला होता, पण तिच्या मनात बसलं होतं. दादांनी काठावर खडेमीठ ठेवलं. ती मीठ चाटत चाटत पाण्यापर्यंत गेली आणि प्यायली. मामा तिथेच काठाशी उभे होते. त्यांनी खिशातून संगमरवराचे पैसे काढून भावाच्या हातात दिले आणि म्हणाले, "लाईटबिलाला."

७ मे, बुधवार

धनगरांचा वाडा शेजारच्या काढलेल्या गव्हाच्या रानात उतरला. त्यांची मेंढरं काल मधल्या हौदावर आली. दहा फुटांवर एका वेळी पंधरा-सोळा मेंढ्या मावतात, मागच्या रेटतात, पुढच्या पाण्यात पडतात. एक कोकरू आत पडलं, म्हाताऱ्या मेंढपाळाने मान धरून बाहेर काढलं. कोपऱ्यात दगड रचून उतरण केली, म्हणजे पडलेलं पिल्लू, खार, सरडा स्वतः वर येईल.

क्रूस पाहून कोणी थबकेल का, ही शंका दादांना सुरुवातीपासून होती. त्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलंच. तो म्हणाला, "पाणी हाय नव्हं? मग झालं." मग दगडावरचं नाव त्याने नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाला, "ही बाई आमच्या कुत्र्यास्नी भाकर टाकायची."

१७ मे, शनिवार

बॉलकॉक मोडला. एका म्हशीने शिंगाने दांडा वाकवला, रात्रभर टाकी वाहून गेली. प्लास्टिकचा फुगा उघडा ठेवलाच नाही पाहिजे. हौदाच्या एका टोकाला विटांचा कप्पा करून बॉलकॉक त्यात घेतला, खालून दोन भोकं, वर उचलता येईल अशी शहाबादी फरशी. २५० चा बॉलकॉक दुसऱ्यांदा घेतला, या वेळी पितळी दांड्याचा.

भोवती चिखल होत होता तोही आज मिटवला. सांडलेल्या पाण्याचं डबकं झालं की डास, गोगलगाई, आणि गोगलगाईतून जनावरांच्या यकृतात कृमी. सहा फूट रुंद दगडी फरसबंदी केली, दगडाची खडबडीत बाजू वर. गुळगुळीत फरशीवर खूर घसरतात.

२४ मे, शनिवार

एक गोष्ट मनाला लागली. कोणीतरी फवारणीचा पंप वरच्या हौदात बुडवून धुतला. पाण्यावर पांढरट तवंग होता. भावाने वेळेत पाहिलं, जनावर आलं नव्हतं. सगळं पाणी सोडून दिलं, हौद तीनदा धुतला.

ज्याने केलं त्याला वाईट हेतू नव्हता, पाणी दिसलं की माणूस पंप धुतो. माणसांच्या नळाखाली वेगळा चर काढला, तिथे पंप धुता येईल, पाणी हौदाकडे येणार नाही. आणि दगडाशेजारी पत्र्याची पाटी: "येथे फवारणी पंप, औषधाचे डबे धुऊ नयेत. जनावरे पाणी पितात." सामायिक हौद बांधणाऱ्या प्रत्येकाने ही पाटी पहिल्या दिवशी लावा.

मधमाश्या खालच्या खळग्यात बुडत होत्या. त्यात मूठभर गोटे टाकले, आता त्या गोट्यांवर बसून पितात.

२१ जून, शनिवार

पाऊस लागला. हौद रिकामा करून शेवाळ घासलं, आतून चुना मारला. चुना मारला की शेवाळ लवकर धरत नाही. वाळल्यावर एकदा धुऊन मगच भरायचा. महिन्यातून एकदा हे करायचं, पहिल्या शनिवारी. या महिन्यात भाऊ, पुढच्या महिन्यात मी.

खर्च मांडते. विटा ८००, ६,४००. सिमेंट १६ गोण्या, ६,०८०. क्रश सँड एक ब्रास ४,५००, खडी १,८००. लोखंड २,६००. पाइप, नळ, व्हॉल्व्ह २,१५०. वॉटरप्रूफिंग ४८०. गवंडी आणि बिगारी ११,२००, चाचांनी अर्धीच मजुरी घेतली, नाहीतर याहून बरंच जास्त धरा. दगड आणि कोरीव काम ४,२००. गळतीची दुरुस्ती १,३५०, दुसरा बॉलकॉक २५०. एकूण ४१,०१०. टाकी जुनी, दगड बांधावरचे, खोदाई घरची, म्हणून एवढ्यात बसलं.

मधला हौद कमी पडतो, मेंढरं जास्त येतात. पुढच्या उन्हाळ्याआधी तो चार फूट वाढवायचा आहे. चाचांशी बोलणं झालं, डिसेंबरमध्ये, नाताळच्या आधी. विटा शेडमध्ये उतरवून ठेवल्या आहेत.